शालान्त परीक्षेनंतरची दोन वर्षे

माळव्याच्या पठारावरील धार आणि देवास ही नगरे मराठी वाचकाला इतिहासाच्या पुस्तकातून परिचित असतात. अठराव्या शतकात पवार घराण्याने येथे बस्तान बसविले. धारला एक गादी आणि देवासला थोरली पाती व धाकटी पाती अशा दोन गाद्या नांदल्या. दुसऱ्या बाजीरावाचा जन्म १७७५ साली धारच्या किल्ल्यात झाला. अलीकडच्या काळात कुमार गंधर्व प्रकृतीच्या कारणाने १९४८ साली देवासला आले व अखेरपर्यंत तेथेच राहिले. या दोन नगरांविषयी मराठीत जे लिहिले जाते ते बहुधा येथवर येऊन थांबते. पवारांबरोबर आलेल्या शिलेदारांची, कारकुनांची व शागिर्दांची पुढची पिढी आज कोणत्या कामावर जाते, तिची मुले दहावी झाल्यावर काय करतात, याची चौकशी क्वचितच होते. प्रस्तुत लेखाचा विषय तोच आहे.

१९४८ साली ही संस्थाने मध्य भारतात विलीन झाली आणि १९५६ साली हा भाग मध्य प्रदेशात आला. विलीनीकरणाबरोबर दरबारी नोकऱ्या संपल्या. ज्यांच्या हाती शिक्षण होते ती कुटुंबे शाळा, कचेरी व बँका यांकडे वळली. ज्यांच्या हाती ते नव्हते त्यांना मिळेल ते काम धरावे लागले. त्यानंतरचा मोठा बदल कारखान्यांनी घडविला. देवास येथे १९७४ साली बँक नोट मुद्रणालय उभे राहिले. किर्लोस्कर ब्रदर्सचा पंपांचा कारखाना, दातेरी चक्रांचे व कातड्याचे कारखाने असा उद्योगांचा विस्तार तेथे होत गेला. धार जिल्ह्यातील पीथमपूर येथे १९८० च्या दशकात बजाज टेम्पो, आयशर, कायनेटिक होंडा अशी वाहन-उद्योगातील नावे आली. त्याच पीथमपूरला २०२१ साली सुमारे ११.३ किलोमीटर लांबीचा वाहन-चाचणीचा वेगमार्ग खुला झाला. धार जिल्ह्यासाठी २०२३ साली केंद्र शासनाने वस्त्रोद्योगाचे मोठे संकुलही मंजूर केले. काम आहे, ते घरापासून फार दूर नाही आणि यंत्रेही नवी आहेत. तरीसुद्धा कामगार वस्तीतील पुष्कळ मुले कारखान्याच्या आत न जाता वर्षानुवर्षे फाटकापाशीच का राहतात, हा प्रश्न शिक्षकांना व अधिकाऱ्यांना विचार करावयास लावणारा आहे.

एकाच गल्लीतील मित्र

विषय स्पष्ट होण्यासाठी एका गल्लीतील तीन मित्रांची व त्यांपैकी एकाच्या मोठ्या बहिणीची कल्पना करू. ही कोणी विशिष्ट व्यक्ती नव्हेत. अशी मुले देवासच्या औद्योगिक वसाहतीलगत, धारच्या जुन्या मोहल्ल्यांत आणि तितकीच पिंपरी, इचलकरंजी वा नाशिकच्या कामगार वस्त्यांतही भेटतात. पहिल्याचे वडील कारखान्यात ठेकेदाराच्या हजेरीवर आहेत. दुसऱ्याचे वडील मालवाहू टेम्पो चालवितात. तिसऱ्याला वडील नाहीत. आई शिवणकाम करते. बहीण पहिल्या मुलाची आहे व एक वर्षाने पुढे आहे. घरात बोली मराठी, शाळा हिंदी आणि रस्त्यावर माळवी अशा तीन भाषांत ही मुले वाढली. दहावीची, म्हणजे तिकडे जिला हायस्कूलची परीक्षा म्हणतात तिची, तयारी त्यांनी एकाच ओट्यावर बसून केली.

निकाल लागतो. पहिला बऱ्यापैकी गुणांनी उत्तीर्ण होतो, दुसरा जेमतेम होतो आणि तिसरा गणितात नापास होतो. येथून पुढचे दोन महिने अत्यंत महत्त्वाचे असतात. सुशिक्षित घरातील मुलाला या काळात काका, मामा, शेजारी, वर्तमानपत्र असे अनेक सल्लागार लाभतात. कामगाराच्या मुलाला एकच सल्लागार असतो, तो म्हणजे त्याचा मित्र. आणि तो मित्रही त्याच्याइतकाच अजाण असतो.

"तू फिटरला टाकलंस ना? मग मीही तेच टाकतो." औद्योगिक प्रशिक्षण संस्थेच्या प्रवेशाच्या दिवसांत असे संवाद अर्ज भरण्याच्या कोणत्याही दुकानात ऐकू येतात. पुढील आयुष्याची तीस-पस्तीस वर्षे ज्या कामात काढावयाची त्याची निवड अशा एका वाक्यात होऊन जाते. मित्राला डोळसपणे निवडलेला व्यवसाय मानवतो, तर दुसऱ्याला यंत्राच्या आवाजात उभे राहणेही नकोसे होते. सहा महिन्यांनी तो गळतो आणि पुष्कळदा जाताना मित्रालाही घेऊन जातो.

मैत्रीला दोष देण्याचा येथे हेतू नाही. उलट कामगार वस्तीत मैत्री हेच मुलाचे भांडवल असते. एकाचा पास काढला की दुसऱ्याला बसची वेळ कळते. एकाने कागदपत्रे जमविली की दुसऱ्याला रांग कोठे लावावयाची ते समजते. आधी भरती झालेला मित्रच पुढच्या वर्षी धाकट्यांना आत नेतो. मैत्रीने वाट दाखवावी. मात्र वाटेच्या शेवटी काय आहे हे प्रत्येकाने स्वतः पाहिलेले असावे. त्यासाठी माहिती एकट्या मुलाला देऊन भागत नाही. ती ओट्यावर बसलेल्या सगळ्या टोळीला एकदम द्यावी लागते.

फाटकावरची मजुरी आणि दोन वर्षांचा हिशेब

दुसऱ्या मुलापुढे निकालानंतर आठ दिवसांतच एक मोह उभा राहतो. ओळखीचा ठेकेदार म्हणतो, "चार पोरं घेऊन ये, उद्यापासून हजेरी लावतो." ठेकेदाराला एकेकटा मुलगा नको असतो, मित्रांची जोडी किंवा टोळी हवी असते, कारण अशी मुले एकमेकांच्या आधाराने टिकतात व एक आजारी पडला तर दुसरा त्याचे काम ओढतो. पहिल्या महिन्याच्या शेवटी हातात रोख पैसे पडतात. आईला किराण्याची उधारी फेडता येते. मुलाला स्वतःचा भ्रमणध्वनी घेता येतो. याला मोह म्हटले, तरी घरात तूट असलेल्या मुलाच्या बाबतीत तो शब्द थोडा कठोरच आहे. दोन वर्षे काही न कमावता शिकणे म्हणजे ती दोन वर्षे घरातील दुसऱ्या कोणी तरी ओढणे होय.

तथापि हिशेब पुरा केला पाहिजे. ठेकेदाराच्या हजेरीवर मुलगा जे काम करतो ते बहुधा उचलण्याचे, ठेवण्याचे, पुसण्याचे व बांधण्याचे असते. पाच वर्षांनीही त्याला तेच काम मिळते, कारण त्या पाच वर्षांत त्याने काही शिकल्याचा कोठेही पुरावा नसतो. यंत्रावर हात बसला तरी कागद नाही आणि कागद नाही म्हणून पगाराची श्रेणी नाही. कारखान्यात मंदी आली की पहिली कपात हजेरीवरच्या माणसांची होते. आपल्या नावाने भविष्य निर्वाह निधीचा व राज्य कामगार विम्याचा क्रमांक आहे की नाही, हे विचारावयाचे असते हेही अशा मुलांपैकी पुष्कळांना ठाऊक नसते. हे क्रमांक पहिल्याच महिन्यात मागून घ्यावेत. ते मिळत नसतील तर त्या हजेरीचे मोल किती हे त्यावरूनच कळून येते.

येथे किर्लोस्करांचा इतिहास आठवल्यावाचून राहत नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलींच्या दुकानापासून आरंभ केला आणि १९१० साली औंध संस्थानातील माळरानावर किर्लोस्करवाडी वसविली. तेथे अनेकांनी शाळेच्या दाखल्यावाचून, पाहून-पाहून कारागिरी आत्मसात केली. माणसाचा हात पाहून काम सोपविणारा मालक समोर उभा होता तोवर ते शक्य झाले. त्याच घराण्याचा पंपांचा कारखाना आज देवासला आहे. परंतु मोठ्या कारखान्याच्या फाटकावर आता माणसाचा हात कोणी पाहत नाही, तेथे प्रथम प्रमाणपत्र पाहिले जाते. वडील मंडळी "आम्ही कुठे शिकलो होतो?" असे जेव्हा म्हणतात, तेव्हा हा बदल त्यांच्या ध्यानात आलेला नसतो.

औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत प्रत्यक्ष काय शिकवितात

शिल्पकारागीर प्रशिक्षणाची योजना देशात १९५० साली सुरू झाली आणि तिच्या अंतर्गत औद्योगिक प्रशिक्षण संस्था जिल्ह्याजिल्ह्यांत निघाल्या. धार व देवास या दोन्ही ठिकाणी शासकीय संस्था आहेत. प्रवेशासाठी किमान वय चौदा वर्षे असून वरची वयोमर्यादा नाही. फिटर, टर्नर, यंत्रकारागीर, वीजतंत्री हे व्यवसाय दोन वर्षांचे असून त्यांना विज्ञान व गणित या विषयांसह दहावी उत्तीर्ण असावे लागते. वेल्डर हा एक वर्षाचा व्यवसाय असून आठवी उत्तीर्ण मुलालाही त्यासाठी अर्ज करता येतो. वायरमन दोन वर्षांचा असून त्यालाही आठवी पुरते. ही माहिती नापास झालेल्या तिसऱ्या मुलाच्या घरी पोहोचतच नाही. "दहावी नापास म्हणजे सगळे संपले" असे तेथे गृहीत धरलेले असते.

फिटरच्या वर्गाचे पहिले काही आठवडे पाहण्यासारखे असतात. मुलाच्या हाती कानस येते. मृदू पोलादाचा ओबडधोबड तुकडा वाइसमध्ये धरावयाचा आणि घासून सपाट करावयाचा. मग गुण्या लावून तुकडा उजेडाकडे धरावयाचा. गुण्या व तुकडा यांच्या मधून उजेड दिसला की पुन्हा घासावयाचे. हात दुखतात, तळव्यांना फोड येतात. यंत्रे चालवावयास आलो आणि हे काय करीत बसलो, असे मुलाला वाटते. संस्था सोडून जाणारी मुले पुष्कळदा याच सुमारास जातात. शिल्प निदेशकाने किंवा वडीलधाऱ्याने त्या वेळी दोन शब्द सांगितले तर मुलगा टिकतो. सांगावयाचे ते एवढेच, की कानशीने हाताला धातूची जाण येते. त्यानंतर व्हर्नियर कॅलिपरने मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागापर्यंत आणि मायक्रोमीटरने शंभराव्या भागापर्यंत मोजावयास तो शिकतो. नकाशा वाचणे, छिद्र पाडणे, आटे कापणे, दोन भाग एकमेकांत अचूक बसविणे, यंत्र उलगडून पुन्हा जोडणे हे सारे पुढे येते. कारखान्यातील यंत्र बंद पडल्यावर ज्याला हाक मारतात तो हाच माणूस.

टर्नरचे सारे आयुष्य लेथपाशी जाते. ज्याला एकाग्रतेने एका जागी उभे राहणे जमते त्याने तो घ्यावा. वेल्डरला डोळ्यांची व श्वासाची काळजी जन्मभर घ्यावी लागते, पण एक वर्षात हाताला काम मिळते व गावातही दुकान टाकता येते. वीजतंत्र्याला कारखाना, घरे, शेतावरचा पंप अशी तिन्हीकडे मागणी असते. खेड्यातील मुलाने याचा विचार अवश्य करावा. संगणक चालक व प्रोग्रॅमिंग साहाय्यक हा एक वर्षाचा व्यवसाय मुलामुलींना स्वच्छ व सोपा वाटतो, म्हणून त्याकडे गर्दी होते. गर्दी आहे एवढ्यावरून कोणी काही निवडू नये. प्रवेशापूर्वी संस्थेची कार्यशाळा एकदा डोळ्यांनी पाहून यावी. प्राचार्यांकडे विनंती केल्यास शाळेच्या वर्गाला अशी भेट देता येते. चार मित्रांनी एकत्र जाऊन कार्यशाळा पाहावी आणि अर्ज मात्र आपापला विचार करून भरावा.

महाराष्ट्रात २०१६ पासून काही वर्षे दहावीच्या विद्यार्थ्यांची कलचाचणी घेण्यात आली. मुलाचा कल कोणत्या क्षेत्राकडे आहे हे तिच्यातून समजावे असा उद्देश होता. चाचणीचा कागद उपयोगी असतो, परंतु ज्या मुलाने लेथ कधी पाहिलेलेच नाही त्याचा लेथकडे कल आहे किंवा नाही हे कागद कसे सांगणार? एक दिवस कार्यशाळेत काढल्याने जे कळते ते प्रश्नपत्रिकेतून पुरते कळत नाही.

शिकता-शिकता विद्यावेतन

ज्या घराला दोन वर्षे निभावणे शक्य नाही त्याच्यासाठी आणखी एक वाट आहे आणि तिची माहिती सर्वांत कमी आहे. १९६१ च्या शिकाऊ उमेदवारांविषयीच्या कायद्यानुसार कारखान्यांना शिकाऊ उमेदवार घ्यावे लागतात. २०१९ च्या नियमांनुसार तीस किंवा त्याहून अधिक माणसे असलेल्या आस्थापनेवर ही सक्ती असून एकूण माणसांच्या अडीच ते पंधरा टक्के इतक्या उमेदवारांना घेणे अपेक्षित आहे. त्याच नियमांनी दरमहा किमान विद्यावेतनही ठरविले: दहावी उत्तीर्णास ६,००० रुपये, बारावी उत्तीर्णास अथवा औद्योगिक प्रशिक्षण संस्थेचे प्रमाणपत्र असलेल्यास ७,००० रुपये, पदविकाधारकास ८,००० रुपये व पदवीधरास ९,००० रुपये. दुसऱ्या व तिसऱ्या वर्षी त्यात वाढ मिळते. अर्ज करण्यापूर्वी त्या वेळचा दर विचारून घ्यावा.

या वाटेचे विशेष असे, की औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत न गेलेला दहावी उत्तीर्ण मुलगाही काही व्यवसायांत थेट उमेदवार होऊ शकतो. त्याला प्रथम मूलभूत प्रशिक्षण दिले जाते व नंतर प्रत्यक्ष यंत्रावर नेले जाते. उमेदवारी संपल्यावर परीक्षा होते व राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र मिळते. केंद्र शासनाने ऑगस्ट २०१६ मध्ये राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजना सुरू करून विद्यावेतनाचा काही भाग स्वतः उचलण्यास आरंभ केला. मध्य प्रदेश शासनाने २०२३ साली 'सीखो-कमाओ' योजना काढली. १८ ते २९ वयोगटातील राज्यातील रहिवाशांसाठी असलेल्या या योजनेत बारावी उत्तीर्णास ८,००० पासून पदवीधरास १०,००० रुपयांपर्यंत दरमहा विद्यावेतन ठरविण्यात आले.

कायद्यातील दोन गोष्टी पालकांनी आरंभीच समजून घेतल्या तर पुढे मनस्ताप होत नाही. पहिली अशी, की कायद्याच्या दृष्टीने शिकाऊ उमेदवार हा कामगार नव्हे, तर प्रशिक्षणार्थी होय. त्याला कामगाराचा पगार मिळणार नाही. मात्र काम करताना इजा झाल्यास नुकसानभरपाईचे संरक्षण त्याला आहे. दुसरी अशी, की उमेदवारी पूर्ण झाली म्हणून त्याच कारखान्याने नोकरी दिलीच पाहिजे असे बंधन नाही. "तीन वर्षे राबवून घेतले आणि बाहेर काढले" ही तक्रार नेहमी ऐकू येते आणि तिच्यात वेदनाही खरी असते. म्हणून करार करताना पुढील भरतीबाबत त्या आस्थापनेचे धोरण काय आहे हे विचारून घ्यावे. करार लेखी असतो व त्याची नोंदणी होते. मुलगा अठरा वर्षांखालील असल्यास पालकाची सही लागते. सही करण्यापूर्वी पालकाने तो वाचवून घ्यावा. उमेदवाराला पहाऱ्यावर बसविणे, मालाच्या गाड्या उतरविण्यास लावणे असे प्रकार घडत असतील तर शिकाऊ उमेदवारी सल्लागाराकडे दाद मागता येते. एकट्या मुलाला असे करण्याचे धाडस होत नाही. तीन मित्र एकाच ठिकाणी असले तर होते.

बहिणीचा प्रश्न

पहिल्या मुलाच्या बहिणीला भावापेक्षा अधिक गुण होते. ती अकरावीत गेली, पण पुढे काय, हा विषय घरात निघाला की तो तिच्या लग्नाच्या विषयाकडे सरकतो. "मुलगी कारखान्यात कशी जाईल?" असे आजी विचारते. वस्तुतः औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत मुलींसाठी राखीव जागा आहेत आणि इलेक्ट्रॉनिक यंत्रे, आरेखन, शिवण-तंत्र, वीजतंत्र यांपैकी कोणत्याही व्यवसायात त्यांना प्रवेश आहे. बारावीनंतर साहाय्यक परिचारिका-प्रसाविकेचा दोन वर्षांचा व सर्वसाधारण परिचर्येचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम हीदेखील भक्कम वाट आहे. धार जिल्ह्यातीलच बाग या गावची ठशांची छपाई २००८ साली भौगोलिक निर्देशनाने संरक्षित झाली. ज्या कुटुंबांत ही कला आहे तेथील मुलींनाही त्या हस्तकलेचा व्यवहार, हिशेब व विक्री शिकून पुढे जाता येते.

अडचण प्रवेशाची क्वचितच असते. ती बहुधा जाण्यायेण्याची असते. संध्याकाळी सहानंतर शेवटची बस किती वाजता, थांब्यापासून घरापर्यंत दिवे आहेत किंवा नाहीत, यांवर मुलीचे शिक्षण ठरते. या बाबतीत मैत्रिणींची जोडी असेल तर आजीचा विरोध अर्धा मावळतो. एकाच वस्तीतील दोन-तीन मुलींनी एकाच संस्थेत, भले निरनिराळ्या व्यवसायांत, प्रवेश घेतला तर त्या टिकतात. शिक्षिकांनी मुलींच्या पालकांना एकेकटे न बोलाविता एकत्र बोलवावे, असे म्हणावयाचे ते याचसाठी.

नापास झालेला मित्र

तिसऱ्या मुलाबद्दल दोन शब्द अधिक लिहिले पाहिजेत, कारण तोच सर्वांच्या आधी दिसेनासा होतो. गणितात राहिल्यावर तो मित्रांच्या घोळक्यात येणे टाळू लागतो. मित्र त्याच्यासमोर प्रवेशाच्या गोष्टी काढावयास संकोचतात. अशा रीतीने ज्याला माहितीची सर्वाधिक गरज असते त्याच्यापर्यंत ती पोहोचत नाही.

मध्य प्रदेशात २०१६ साली राज्य मुक्त शाळा मंडळामार्फत 'रुक जाना नहीं' ही योजना काढण्यात आली आणि नापास विद्यार्थ्याला पुन्हा परीक्षेस बसून त्याच वर्षी पुढे जाण्याची संधी मिळाली. पुनर्परीक्षेचे नियम वेळोवेळी बदलतात, म्हणून निकालाच्या आठवड्यातच शाळेत जाऊन ते विचारावेत. आठवीच्या आधारावर वायरमनचा दोन वर्षांचा व्यवसाय पूर्ण केला तर दहावीशी समकक्षता मिळविण्याची सोयही आहे. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेने प्रशिक्षण महासंचालनालयाशी २०१६ साली करार केला. त्यानुसार औद्योगिक प्रशिक्षण घेतलेल्या मुलाला भाषेसारखे थोडे विषय देऊन दहावीचे किंवा बारावीचे प्रमाणपत्र मिळू शकते.

दहावीनंतर दोन वर्षांचा व्यवसाय पूर्ण करणाऱ्याला तंत्रनिकेतनात पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षालाही प्रवेश मिळू शकतो. शिल्प निदेशकाचे प्रशिक्षण घेऊन तो पुढे स्वतः शिकवू शकतो. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत गेला म्हणजे मुलाचे शिक्षण थांबले, ही समजूत कामगार वस्तीपेक्षा शिक्षकांच्या खोलीत अधिक आढळते, हे नम्रपणे नमूद करावेसे वाटते. हुशार मुलाला अकरावी विज्ञान आणि 'बाकीच्यांना' औद्योगिक प्रशिक्षण संस्था, अशी वाटणी शिक्षक नकळत करतात. मुले ती ऐकतात आणि आपण कोणत्या बाजूचे आहोत ते ठरवून टाकतात. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापून कष्ट आणि शिक्षण एकाच मुलाच्या हाती दिले. त्या परंपरेत वाढलेल्या महाराष्ट्रात तरी ही वाटणी शोभत नाही.

नावातला 'ळ'

शेवटी एक बारीक, पण प्रवेश अडविणारी गोष्ट. हिंदी शाळेत शिकणाऱ्या मराठी मुलाच्या नावाची नोंद अनेकदा बदललेली असते. हिंदी लेखनात 'ळ' चा 'ल' होतो आणि घरी 'काळे' असलेला मुलगा गुणपत्रिकेवर 'काले' होतो. 'पवार' चे 'पंवार' होते. मराठी रीतीप्रमाणे मुलाचे नाव, वडिलांचे नाव व आडनाव असे तीन शब्द आधार पत्रावर असतात, तर शाळेच्या दाखल्यावर दोनच. जातीचा दाखला वडिलांच्या नावाच्या तिसऱ्याच लेखनाने काढलेला असतो. प्रवेशाच्या दिवशी हे तिन्ही कागद एकमेकांशी जुळत नाहीत आणि पडताळणी करणारा कर्मचारी नियमाने बोट ठेवतो. त्याचा त्यात दोष नसतो. मात्र दुरुस्तीला लागणारे दिवस प्रवेशाच्या मुदतीपेक्षा अधिक असतात आणि शिष्यवृत्तीही त्याच कारणाने रखडते. महाराष्ट्राच्या सीमेवरील ज्या गावांत मुले कन्नड, हिंदी वा गुजराती माध्यमात शिकतात तेथेही अशीच अडचण येऊ शकते.

म्हणून शिक्षकांनी हे काम दहावीच्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीनंतर लगेच हाती घ्यावे. वर्गातील प्रत्येक मुलाकडून शाळेच्या नोंदवहीतील नावाचा उतारा, आधार पत्र, वडिलांचे ओळखपत्र, जातीचा दाखला, रहिवासाचा दाखला व बँकेचे पुस्तक मागवावे. मध्य प्रदेशात त्याबरोबर कुटुंबाचा समग्र क्रमांकही लागतो. हे कागद एकापुढे एक ठेवून नावे अक्षरशः ताडून पाहावीत. ज्यांच्या कागदांत फरक आढळेल त्यांची यादी करून पालकांना फेब्रुवारीपूर्वी दुरुस्तीस पाठवावे. या तपासणीसाठी मुलांच्याच जोड्या लावाव्यात. एकाने दुसऱ्याचे कागद वाचावेत. ज्या जोडीत परीक्षेत मागे पडणारा मुलगा आहे तिच्याकडे शिक्षकाने स्वतः लक्ष द्यावे आणि निकालाच्या दिवशी त्या मुलाच्या घरी कोण जाणार हेही त्याच वेळी ठरवून ठेवावे.